रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘आर’ आलाय, पण बाळ तर मस्त खेळतंय!

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ओळखीतल्या आयांचे फोन येत असतात. बाळाचा युरीन कल्चर (शूमधले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) रिपोर्ट आलाय, त्यात ई. कोलाय या बॅक्टेरियाचं नाव लिहिलंय आणि पुढे औषधांच्या यादीत ‘आर’च ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा, आणि आई बिचारी घाबरून रडकुंडीला आलेली. मी आधी विचारते, ताप आहे का, शू करताना रडतंय का, आणि सॅम्पल कसं घेतलं होतं? कारण लहान बाळांचं सॅम्पल बऱ्याचदा चिकटवायच्या पिशवीत घेतात, त्यात कातडीवरचे, शीच्या जागेचे बॅक्टेरिया सहज मिसळतात आणि मग कल्चरमध्ये उगवतं ते इन्फेक्शनचं असतंच असं नाही. त्याचा निर्णय डॉक्टरच घेणार, गरज वाटली तर कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, परत सॅम्पल घेतील.

पण ते रेझिस्टंट बॅक्टेरिया बाळाकडे असतात हे मात्र खरं. ठणठणीत मुलांच्या आतड्यात, नाकात, घशात असे बॅक्टेरिया वस्तीला असतात, त्याला आम्ही कॅरेज म्हणतो, आणि त्यातली बहुतेक मुलं त्यामुळे कधी आजारी पडत नाहीत. पडतात तेव्हा मात्र नेहमीचं औषध लागू पडत नाही, तिथे खरी अडचण.

लॅबमध्ये बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटवर हे अगदी डोळ्यांनी दिसतं. बॅक्टेरिया पसरवायचे, वर औषधात भिजवलेल्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर ३५ डिग्रीच्या आसपास ठेवून द्यायचं. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, आणि नसेल चालत तर पांढुरकी वाढ पार चकतीच्या कडेला जाऊन भिडलेली. एखाद्या तान्ह्या बाळाच्या प्लेटवर एकामागून एक चकत्या अशा दिसल्या की मला आजही वाईट वाटतं, सवय होत नाही.

“पण आम्ही तर याला कधी अँटिबायोटिक दिलंच नाही!” असं बरेच जण म्हणतात. न देताही येतात हो. जन्माच्या वेळी आईकडून, मग घरातल्या सगळ्यांच्या हातांवरून, पाळणाघरात डायपर बदलताना, एकमेकांची खेळणी तोंडात घालताना. आणि या बॅक्टेरियांकडे प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरते ना तसे ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियाकडेसुद्धा.

अँटिबायोटिक दिलं की काय होतं, तर साधे, औषधाला बळी पडणारे बॅक्टेरिया मरतात आणि रेझिस्टंटवाल्यांना मोकळं रान मिळतं. हा परिणाम कोर्सनंतरच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो, पण काही महिने टिकूही शकतो. म्हणूनच साध्या सर्दीला, जी व्हायरसने होते आणि जिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, तिथे “डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या ना” म्हणणं मला फार खुपतं. २०१९ मध्ये जगभरात साधारण १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टन्समुळे झाले असा अंदाज आहे, आणि त्यातला दर पाचवा मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलाचा.

मग कॅरेज घालवायला औषध द्यायचं का? आतड्यातल्या बॅक्टेरियांसाठी ठणठणीत मुलाला तर नाहीच, उलट त्याने आणखी बिघडतं. आईचं दूध चालू ठेवा, डायपर बदलल्यावर साबणाने नीट वीसेक सेकंद हात धुवा, आणि न्यूमोकोकलची लस (न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस बॅक्टेरियाविरुद्धची) चुकवू नका. ही लस आल्यावर कितीतरी ठिकाणी रेझिस्टंट न्यूमोकोकसचे गंभीर आजार कमी झाले, हे फार कमी आईबाबांना माहीत असतं.

आणि मूल खरंच आजारी पडलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक झालंय, आधीच्या कल्चरमध्ये काय आलं होतं. जुना रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा, फेकू नका. त्यावरून पहिलं औषध कुठलं निवडायचं ते ठरतं, आणि नवीन कल्चरचा रिपोर्ट यायला दोनतीन दिवस लागतातच.