डावा डोळा

मे महिन्यात परभणीत पारा ४४ वर गेला की पार्लरमध्ये कूलरशिवाय बसवत नाही. दुसऱ्या दिवशी हळद असलेली नवरी पापण्यांचं एक्स्टेंशन करून घ्यायला दुपारी दोनला आडवी झाली, तेव्हा कूलर घरघरतच होता. ग्लूची अ‍ॅलर्जी नाही ना, हे बघायची पॅच टेस्ट दोन दिवस आधी झाली होती. ४डी व्हॉल्यूम ठरलं होतं, म्हणजे तिच्या पापणीच्या एकेका केसावर ०.०७ मिलिमीटर जाडीच्या चार कृत्रिम केसांचा एक पंखा, ग्लूनं चिकटवलेला.

उजवा डोळा मस्त झाला. पंखे उघडे, त्वचेपासून जेमतेम एक मिलिमीटर सोडून बसलेले. मग लाइट गेली. लॅम्प इन्व्हर्टरवर असल्यानं तो चालू राहिला, कूलर बंद.

डाव्या डोळ्याचे पहिले काही पंखे नीट बसले. पुढचे धरेनात. ट्विझर सोडली की पंखा आडवा. मला वाटलं, हात दमला. मग घाईत करू नये तेच केलं, ग्लू जास्त घेतला. त्यानं पंखा मिटून नुसती काडी होते आणि न सुकलेला ग्लू शेजारच्या केसाला जाऊन चिकटतो.

"ताई, ओढल्यासारखं व्हायलंय ओ."

थांबले. भिंगातून पाहिलं तर सात-आठ केस एकमेकांना चिकटलेले. तसंच सोडलं असतं तर आरशात तिला कळलंही नसतं. पण प्रत्येक केस आपापल्या वेगानं वाढतो. दोन जोडले गेले की एक दुसऱ्याला मुळातून ओढतो.

कपाटावर हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर होता, एवढे दिवस शोभेला. कूलर चालू असताना त्यावर ५५ टक्के दिसत होते, आता २३. आमचा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेटचा. तो नुसता वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. हवा कोरडी की तो रेंगाळतो. पुण्यात एसीच्या खोलीत शिकले, तिथं हे कधी आडवंच आलं नव्हतं. (पावसाळ्यात उलटं होतं. ग्लू केसापर्यंत पोचायच्या आतच घट्ट व्हायला लागतो आणि पंखा केसाला गुंडाळत नाही.)

खिडकी लावली, दोन टॉवेल पिळून खुर्चीवर टाकले, पाण्यानं भरलेली घमेली ठेवली. नवरीची मावशी बघतच राहिली. "काय करायल्यात ओ तुम्ही? धुणं काढलं का मधीच?"

चिकटलेले पंखे क्रीम रिमूव्हरनं काढले, केस स्वच्छ केले. आकडा ३८ वर आला, त्यापुढं हलेना. मग पद्धत बदलली. ग्लूचा ताजा थेंब, पंख्याचं फक्त बूड त्यात, आणि बाहेर काढायचं सावकाश. ठेवल्यावर मनात पाच मोजायचे. लगेच शेजारी जायचं नाही: एक पंखा नाकाकडच्या कोपऱ्यात, पुढचा मधे, तिसरा बाहेरच्या टोकाला. परत फिरून येईपर्यंत पहिला धरलेला असतो.

उजव्या डोळ्याला सव्वा तास लागला होता, डाव्याला पावणेतीन. लाइट आली तेव्हा शेवटचे चार पंखे राहिले होते.

नवरीनं आरसा घेतला. "दोन्ही सारखेच दिसायलेत की!"

मी सांगितलं, उद्या डोळ्यांना तेल लागू देऊ नका, तेलानं पकड सैल होते.

मावशी उठता उठता बसली. "अन् हळद काय पाण्यात कालवायची का?"