१६८ रुपये जास्त

निवृत्तीनंतर वृद्धांचं घर कशावर चालतं, याच्या अभ्यासासाठी मी शिरोळ तालुक्यात मुलाखती घेत होते. २०२४ची गोष्ट. पेन्शन मिळते का, या प्रश्नाला त्या घरात ‘हो’ असं उत्तर आलं, म्हणजे यादीत हे घर सुरक्षित बाजूला पडणार होतं.

काका साखर कारखान्यात कायम कामगार. १९९५च्या डिसेंबरात लागले, २०१४च्या जुलैत ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले. भविष्य निधीची ‘ईपीएस-९५’ पेन्शन महिना १,७६४ रुपये. मी तिथंच हिशेब ताडून पाहिला. त्या काळी पेन्शनसाठी पगार सहसा ६,५००पर्यंतच धरत. त्याला नोकरीच्या वर्षांनी, म्हणजे पूर्णांकात १९ने, गुणायचं, ७०ने भागायचं. आकडा बरोबर होता. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, त्यामुळे दहा वर्षांनीही तेवढीच.

मग काकांनी पिशवीतून श्रावणबाळ योजनेचे कागद काढले. दोघांचेही अर्ज नामंजूर. ६५ वर्षांवरच्या गरजूंना या योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत लागतं. काकांच्या पेन्शनचे वर्षाचे होतात २१,१६८. वर १६८ रुपये! २०२३मध्ये राज्यानं अनुदान १,०००वरून १,५००वर नेलं, ते चांगलंच केलं. उत्पन्नाची मर्यादा मात्र तिथंच राहिली.

“शेजारी दोघास्नी मिळतंय,” काका म्हणाले. “मिळू दे, त्यास्नी गरजच हाय. पन ताई, मी ही पेन्शन सोडली तर आमाला दोघांचं तीन हजार मिळतील का?”

मी म्हटलं, “सोडू नका काका. उद्या तुमच्यामागं काकूंना याच पेन्शनमधून महिन्याला निदान १,००० रुपये मिळायचे आहेत.”

काकू इतका वेळ शेंगा फोडत गप्प बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मग तवा माझा अर्ज बसंल का त्या २१ हजारात?”

बसेल. हजाराप्रमाणे वर्षाचे १२,००० होतात. म्हणजे आज दोघांत १,७६४ आणि काकांच्या मागं एकट्या काकूंना २,५००. काकूंना हे सगळं कळलं होतं. मी नुसती मान हलवली. त्या उठून आत गेल्या. काका माझ्याकडं न बघता कागदांच्या घड्या घालत राहिले.

यात कुणा कारकुनाचा दोष नाही, नियमाप्रमाणेच झालं. पण नोकरीत घातलेल्या वर्षांमुळे म्हातारपणी दार बंद व्हावं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अहवालात मी दोन शिफारशी लिहिल्या. नोकरीतून मिळालेली तुटपुंजी पेन्शन पात्रतेच्या उत्पन्नात धरू नये. आणि नवरा-बायकोचं उत्पन्न वेगवेगळं मोजावं. दुसरी शिफारस आधी अमलात यावी असं मला वाटतं, कारण काकूंच्या स्वतःच्या नावावर आजवर एक रुपयाही येत नाही.