प्रभाच्या बाजूने

रविवार, रात्र

दुपारी ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाचायला घेतलं आणि संपवूनच उठले. महेश एलकुंचवार आपल्या नागपूरचे. त्यांचं हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं, पण धरणगावकर देशपांड्यांचा तो वाडा मला आजही इथल्या महाल भागातल्या जुन्या घरांमध्ये दिसतो. कॉलेजात असताना मला त्या घरातला मुलगा सुधीर सुटलेला वाटायचा. मुंबईला गेला, वाड्याच्या कटकटीतून मोकळा झाला! आज वाचताना दिसलं ते वेगळंच. वडिलांच्या मरणानंतर गावी आलेला सुधीरही वाटणी, दागिने आणि मानापमान यांतच गुंततो. घर सोडलं म्हणून माणूस स्वतःचा होतोच असं नाही.

आणि त्याची बहीण प्रभा? तिला शिकायचं होतं, घराने शिकू दिलं नाही. अंगणात तो ट्रॅक्टर गंजत पडलाय, तशी ही माणसं आत पडून आहेत. प्रभाला स्वतःचं मत आहे, बुद्धी आहे, चीड आहे. मग तिचं आयुष्य तिच्या हाती का आलं नाही? याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. वेळेवर तिच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, एवढंच मला दिसतं.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ (१९६३) कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर मला फार प्रिय होता, आहेही. पण पुण्यात सगळं विस्कटल्यावर परतायला त्याला सांगवी होती, बापाचं घर होतं. १९७८ च्या ‘बलुतं’ या दलित आत्मकथनात दया पवार स्वतःतल्या ज्या दगडूला बोलतं करतात, त्याला ही सोय कुठली? गावाने जन्माआधीच त्याची जागा ठरवून ठेवलेली. तिथे वेगळं होण्याच्या कितीतरी आधी, आपण माणूस आहोत हेच मिळवावं लागतं. शिकून, लिहून नाव झाल्यावरसुद्धा आतला दगडू लेखकाला सोडत नाही. व्यक्तिस्वातंत्र्यावर आपण पांढरपेशे लोक जे बोलतो, त्यात हा दगडू क्वचितच असतो.

हे वाचताना दीक्षाभूमी आठवल्याशिवाय राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्म स्वीकारला तो इथेच, आपल्या गावात. बावीस प्रतिज्ञा सगळ्यांनी मिळून म्हटल्या, तरी काय मानणार आणि काय मानणार नाही, हे प्रत्येक जण आपापल्यापुरतं कबूल करत होता. गर्दी माणसाला गिळते असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशीच्या गर्दीने माणसाला उभं केलं. एकट्याने गावकीसमोर जे बोलायची छाती झाली नसती, ते शेजारी उभ्या असलेल्यांच्या बळावर बोलता आलं.

तुकोबा म्हणतात, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’. पण तेही काही एकटे नव्हते. वारकऱ्यांच्या मेळ्यात, टाळ-मृदंगाच्या गजरात राहून त्यांनी बहुमत नाकारलं. साहित्यातला बंडखोर आपण उगाच डोंगरावर एकटा उभा करतो. मला तर तो बहुतेक वेळा माणसांतच सापडतो.

संध्याकाळी भाची आली. तिला पुण्याला जाऊन मराठीत एम.ए. करायचं आहे आणि दादाचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे. “आत्या, सगळेच एक बोलून राहिले ना. मीच चुकून राहिली का?” तिचे डोळे भरले होते. मी तिला प्रभाबद्दल सांगितलं. पण पुस्तकातल्या माणसांनी आज तिचं भागणार नव्हतं. फीचं काय, राहायचं कुठे, शिष्यवृत्ती मिळेल का, पुढे प्राध्यापकीसाठी नेटची परीक्षा, हे सगळं तिने आधीच वहीत मांडून आणलं होतं. दादाने ती वही अजून पाहिलेलीच नाही.

उद्या ऑफिसातून थेट दादाकडे जाणार आहे. बोलेल तीच. मी तिच्या शेजारी बसेन, आणि दादा मध्येच तोडायला लागला तर त्याला म्हणेन, तिचं पूर्ण होऊ दे.