वाघोलीत घर: जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा

पुण्यातल्या वाघोलीत फ्लॅट स्वस्त मिळतो म्हणून लोक तिकडे वळतात. किंमत खरंच कमी असते, पण बोर्डावरच्या आकड्यावर हिशोब बांधला की पुढं ओढाताण ठरलेली.

समजा फ्लॅट ४४ लाखांचा आहे, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर ४५ लाखांपर्यंत १ टक्का जीएसटी. पण ही मर्यादा नुसत्या फ्लॅटची नाही. पार्किंग, क्लबहाऊस, 'डेव्हलपमेंट चार्जेस' सगळं त्यात धरतात. पार्किंगचे दोन लाख जोडले की रक्कम ४६ लाख आणि कर ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. त्यामुळं बुकिंगआधीच सगळ्या खर्चांसकट एकच रक्कम लेखी मागा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) मिळालेलं घर घेतलं, तर जीएसटी लागतच नाही.

पुढं मुद्रांक शुल्क ७ टक्के: ३ लाख २२ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नोंदणीचे ३० हजार. बँक कर्ज देणार ८० टक्के, ३६ लाख ८० हजार, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. सगळं मिळून खिशातून १५ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३२ हजारांच्या जवळ.

खरी कोंडी ताबा मिळेपर्यंतच्या काळात होते. कर्ज जवळपास पूर्ण उचललं गेलं की नुसतं व्याजच महिन्याला २६ हजार, वर चालू घराचं भाडं. ताबा लांबला तर रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम १८ खाली बिल्डरकडून दर महिन्याचं व्याज मागता येतं, पण ताब्याची तारीख नोंदणीकृत करारात हवी. आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला घेताच येत नाहीत. 'आज भरा, ऑफर संपतेय' म्हणाले तरी हे विसरू नका.

भाडेकरूंचं दुखणं वेगळं. अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, डिपॉझिट अडकतं. नोटरी करून आणलेला कागद पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्च फार नाही: १२ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आसपास, नोंदणी फी हजार. डिपॉझिट रोखीत देऊ नका. बँकेतून द्या आणि व्यवहार क्रमांक करारात घाला. रंगाचे पैसे कापणार का, किती, हेही तिथंच लिहून घ्या. कापाकापी बहुतेकदा इथंच होते.

आणि पाणी. गाव ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आलं, तरी टँकरची सवय मोडलेली नाही. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ५४ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर. टँकरला हजार रुपये धरले तरी फ्लॅटमागं महिन्याला सोळाशे, तेही बोअर आणि नळ दोन्ही कोरडे असतील तर. भाड्यात मेंटेनन्स धरलाय का, हे विचाराच. आणि धरला असेल तर टँकरची जादा वर्गणी कोण भरणार तेही. विकत घेणाऱ्यांनी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं बघावीत. अनेक प्रकल्पांत बिल्डरनं परवानगी घेताना पाणी पुरवण्याचं हमीपत्र दिलेलं असतं. त्याची प्रत ताबा घेण्याआधी हातात हवी.