पोटखराब्यातला डोंबारी

नाशिकला आडगावच्या पुढे आम्ही प्लॉट घेतला, त्याला चार वर्षं झाली. घर काही उभं राहिलं नाही, पण रविवारी मिसळ खाऊन 'प्लॉट बघायला' जायचा रिवाज मात्र पडला. तिथे बघण्यासारखं काय आहे? चार कोपऱ्यांत चुन्याने रंगवलेले दगड, मधे मुरूम आणि सॉक्समध्ये घुसणारी कुसळं. एन. ए., म्हणजे बिगरशेती, होण्याआधीच्या सातबाऱ्यावर यातला बराच भाग पोटखराबा म्हणून लागलेला, म्हणजे लागवडीला नालायक. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा चपलेने माती उकरून म्हणाले, "इथे द्राक्षं राहू दे, करडईसुद्धा येणार नाही."

यंदाच्या मार्चमध्ये कळलं, की आमच्याआधीच तिथे कुणीतरी राहायला आलंय.

आधी शीळ ऐकू आली. बारीक, लांबवलेली. मान वर केली तर चिमणीहून लहान एक पाखरू पंख थरथरवत सरळ वर चढत होतं. शंभरेक फूट चढलं आणि पंख मिटून, डोकं खाली घालून धोंड्यासारखं सुटलं. आता आपटणार म्हणेपर्यंत त्याच वेगात थोडं वर उसळलं, पुन्हा शीळ घालत सूर मारला, पुन्हा उसळलं. असं न दिसणारा जिना उतरत उतरत ते एका ढेकळावर येऊन बसलं. बायको म्हणाली, "याला तिकीट नाही ना हो?"

याचं मराठी नावच डोंबारी. ज्या कुणी ठेवलं, त्याने नक्की मान वर करून पूर्ण खेळ पाहिला असणार. दिसतो चिमणीसारखा, पण गोत चंडोलाचं. नराची टोपी राखाडी, गाल पांढुरके, डोळ्यावरून काळी पट्टी आणि हनुवटीपासून पोटापर्यंत काळाकुळकुळीत. मादी साधी मातकट. चिमणीच्या मादीशेजारी बसवली तर मीही फसेन. काळा रंग पोटाला लावला यात मला फार हुशारी दिसते. वरून घारीला दिसते ती मातीच्या रंगाची पाठ. खेळ बघणाऱ्याला खालून दिसतो तो थाटाचा काळा कोट. घार फिरायला लागली की हा उडून जात नाही, जागच्या जागी दबतो आणि ढेकूळच होतो.

सुरुवातीच्या उत्साहात मी 'पाखरांसाठी' म्हणून दोन कडुनिंब लावले होते. डोंबाऱ्याला त्यांचं सोयरसुतक नाही. झाडावर तो बसतच नाही. बिया, किडे, झोप, संसार, सगळं जमिनीवर.

संसार सापडायला तीन रविवार गेले. कुसळीच्या बुडख्याशी वासराच्या खुराएवढा खळगा, आत काड्या आणि केस, कडेने बारीक खडे मांडलेले. कंपाउंड आमच्याआधी त्याने घातलं! मधे ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. दुपारच्या उन्हात नर-मादी आळीपाळीने त्यांवर बसत होती. आम्ही छत्री घेऊन लांब, बाजूवाल्याच्या दगडावर.

त्याच महिन्यात २० तारखेला जागतिक चिमणी दिवस होऊन गेला. २०१० पासूनचा हा दिवस आपल्या नाशिकच्याच मोहम्मद दिलावरांनी सुरू केलेला. सोसायटीत लाकडी घरटी वाटली, मीही एक आणून गॅलरीत टांगलं. घरच्या चिमणीचं बरं असतं, तिला वळचण लागते, खोकं दिलं तरी चालतं. तिकडे येवल्याला, ममदापूरला, काळविटांसाठी माळ राखून ठेवलाय. काळवीट लांबून दिसतं, फोटोत येतं. डोंबाऱ्यासाठी काय टांगायचं? त्याला हवं ते एवढंच, की या जमिनीचं कुणी काही करू नये. आणि आम्ही तर बँकेचं कर्ज मंजूर करून बसलेलो.

बुधवारी मिस्त्री फक्की घेऊन आखणी करायला आला. मी म्हटलं, "दोनेक आठवडे थांबा, मुहूर्त नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, मग खाली वाकून खड्यांच्या रांगेकडे. काही बोलला नाही. फक्कीची पिशवी त्याने परत गाडीला अडकवली.

"थांबतो की," किक मारता मारता म्हणाला, "पण साहेब, बाजूच्या प्लॉटवर परवा जेसीबी येतोय. त्यांना सांगितलंय का मुहूर्ताचं?"