आईच्या पेन्शनसाठी फौजी पद्धतीचं पत्र : माझा अनुभव

आमचे बाबा महार रेजिमेंटमधून नाईक म्हणून रिटायर झाले. ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला पाहिजे होती, ती अडकली नावात. डिस्चार्ज बुकात आईचं माहेरचं नाव आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे सासरी ठेवलेलं. वऱ्हाडात त्या पिढीतल्या कितीतरी बायांचं असंच आहे, लग्नात नाव बदललं पण फौजेच्या कागदावर जे आधी चढलं ते तसंच राहिलं.

तालुक्याला एका अर्ज लिहून देणाऱ्याकडून पत्र करून घेतलं होतं. दोन पानं भरून, सुरुवातच "सविनय सादर करण्यात येते की", मग बाबांची नोकरी, आईचं वय, कोरडवाहू शेती, नापिकी, सगळं खरंच होतं पण बाबांचा आर्मी नंबर दुसऱ्या पानावर शेवटी शेवटी कुठेतरी आणि नेमकं काय पाहिजे ते तर सहीच्या जरा वर. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवतात तिथलं, उत्तर आलं की नंबर, रँक, नाव आणि मागणी स्पष्ट कळवा.

शेजारच्या गावात एक काका आहेत, फौजेत क्लर्क होते, शेवटी कामठीला गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरमधे. त्यांना पत्र दाखवलं तर म्हणाले, "बापू, वाचणाऱ्याले आपली रामकहानी नाई पायजे. त्याच्या टेबलावर पत्रायचा ढीग रायते. कोणाची फाईल काढू अन् काढून काय करू, येवढं त्याले पयल्या ओळीत समजलं पायजे."

मग त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. हिंदीत, कारण राजभाषा नियम १९७६ प्रमाणे हिंदी पत्राला केंद्र सरकारच्या ऑफिसनं हिंदीतच उत्तर द्यायचं असतं आणि आलेलं उत्तर आईला पण वाचता आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. वर तारीख, पत्ता, मग विषयाची एकच ओळ, अधोरेखित, त्यात मागणी, आर्मी नंबर, रँक, बाबांचं नाव. त्याखाली रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, म्हणजे तिथल्या क्लर्कला शोधाशोध नको. पुढे पॅरे, प्रत्येकाला नंबर आणि एका पॅऱ्यात एकच गोष्ट. पहिल्यात मागणी : पत्नीच्या नावात दुरुस्ती करून पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या नोंदीतल्या बदलाचा आदेश) निघावी आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) दुरुस्त व्हावा. दुसऱ्यात कारण : रेकॉर्डला हे नाव, आधारला हे नाव, दोन्ही एकाच बाईची. तिसऱ्यात सोबतचे कागद, अ ब क करून, म्हणजे नोटरीचं प्रतिज्ञापत्र, आधार-पॅनच्या झेरॉक्स, पीपीओची प्रत, ग्रामपंचायतीचा दाखला. संपलं पत्र.

काटछाट करताना मला एका वाक्याचं फार वाईट वाटत होतं, "माझ्या वडिलांनी आपली उमेदीची वर्षे सीमेवर देशासाठी वेचली" असं होतं ते. काकांनी त्यावर शांतपणे रेघ मारली आणि म्हणाले, "हे नंबर अन् रँकमधे आलं ना बापू, त्यायले मालूम हाय." मला ते पटलं, आजही पटतं. नंबर बघितला की त्या ऑफिसात माणसाची सगळी नोकरी समोर येते, आपण वेगळं सांगायची गरज नसते.

त्यांनी फौजेत शिकवतात ते पण सांगितलं, अचूकपणा, थोडक्यात आणि स्पष्ट, आणि त्यात अचूकपणा पहिला, कारण स्पेलिंगचं एक अक्षर जरी प्रतिज्ञापत्रात वेगळं आणि पत्रात वेगळं पडलं तर कागद परत येतो. म्हणून प्रत्येक नाव डिस्चार्ज बुकावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं, ह्यात पत्र लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि तो जायलाच पाहिजे असं माझं मत आहे. नंतर मी अमेरिकन आर्मीचा पत्रव्यवहाराचा नियम वाचला, ए आर २५-५०, त्यातही हेच की मुख्य मुद्दा आधी आणि एकदा भरभर वाचूनच समजलं पाहिजे. काका तर हे कधीपासून सांगत होते.

स्पीड पोस्टनं पाठवलं, पावती पत्राच्या ऑफिस कॉपीलाच टाचून ठेवली. ह्यावेळी उत्तरात फक्त मूळ प्रतिज्ञापत्र मागितलं, तेही आम्ही त्यांच्या पत्राचा नंबर टाकून दोन पॅऱ्यात पाठवलं. पुढे पार्ट टू ऑर्डर निघाली, मग प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसकडून दुरुस्त पीपीओ निघाला, फौजेच्या पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर आईचं नाव बरोबर दिसायला लागलं आणि एरिअर्ससकट पेन्शन खात्यात आली. आईनं पासबुकाची एंट्री माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आता गावातल्या एका काकूंचं घेतलंय. त्यांच्या जन्मतारखेच्या जागी रेकॉर्डला नुसतं वर्ष आहे आणि आधारला पूर्ण तारीख, शाळेचा दाखला नाही. कोणते कागद लावायचे ते काकांना विचारून रविवारी विषयाची ओळ लिहायला बसणार आहोत.