लोकेशन पाठवा

सकाळपासून एकच ओळ डोक्यात फिरतेय. "काका, गवाळीचं लोकेशन पाठवा ना."

विचारतोय कोण, तर तात्यांचा नातू. देव गवाळीचा, घर गवाळीचं, आणि वाट मला विचारतोय.

पाठवू काय? नकाशावर बोट टेकवलं तर खूण भीमगडच्या जंगलात, नुसत्या हिरव्यात पडते. म्हणून लिहायला बसलो. बेळगावकडच्या खानापूरहून नेरसे, तिथवर गाडी. बसची पाटी कानडीत. ती त्याला माझ्यापेक्षा बरी वाचता येते. पुढं रेंजचा भरवसा धरू नको. २०११ ला अभयारण्य झालं, त्यामुळे वनखात्याला विचारून मगच आत. दिवाळीनंतर जा. वळणावर बोलत चाल, कारण वारा उलटा असला की अस्वलाला माणसाचा वास लागत नाही आणि दचकलं की ते सरळ अंगावर येतं. चारच्या आत माघारी फिर.

इथवर लिहिलं आणि अडलो. त्याच्याच गावाला जायला मी त्याला परवानगी काढायला सांगतोय! मी तरी कोण? गुडघे गेलेला, खुर्चीतला वाटाड्या. तात्या असते तर... जाऊ दे.

पावसाळ्यातच जायचं म्हणाला तर वाटेतल्या भांडुरा नाल्यावरचा साकव सांगायला हवा. मृगाच्या आधी गावकरी बांधतात. दोन लांब ओंडके, वर आडव्या काठ्या, धरायला एका बाजूला बांबू. ओंडक्याची साल काढलेली आहे का ते आधी बघ. भिजली की साल सुटते आणि पायाखाली फिरते. बांधलेला वेल वाळून सैल पडतो, गाठ हातानं हलवून बघ. एका वेळी एकच माणूस. मधे थांबून खाली बघू नको, पाणी जागेवर राहतं आणि आपणच वाहतोय असं वाटतं. पाणी तांबडं होऊन काठ्यांना टेकलं तर त्या दिवशी गवाळी नाही.

ह्याच भांडुऱ्याच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडले. लवादाच्या २०१८ च्या निवाड्यात २.१८ टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफुटांचा, हिशेब लागला. ओंडक्यांचा हिशेब गावाकडेच राहिला.

पण परत तेच. वाट विचारावी लागली त्याला. बेळगावात जन्मला, शाळा तिथंच, ह्यात त्याचा काय गुन्हा? आणि त्याच जंगलातल्या तळेवाडीचं पुनर्वसन सुरू झाल्यापासून... ते नकोच. निदान विचारलं तरी. त्याच्या बापानं एवढंही विचारलं नव्हतं.

जळवांचं राहिलंच. ओढून काढायची नाही, चुना लावायचा, आपोआप सुटते.

दोन पानं झाली. फोटो काढून पाठवली. पाच मिनिटांत उत्तर : "थँक्यू काका. पार्किंग आहे का?"

आहे म्हटलं. नेरशात, देवळासमोर. गुरं येऊन बसायच्या आधी लाव.